घराचा सौदा : वकील आधी, विसार मागाहून

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. खरिपाच्या तयारीची बैठक होती, मारुतीच्या देवळापुढच्या पारावर. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणक्षमता कशी पाहावी, हे मी नेहमीप्रमाणे सांगत होतो. सरसकट शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बी पेरायला चांगले. बैठक संपली, चहा झाला, आणि साठीच्या घरातले एक शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, बियाण्याचं झालं. माझं दुसरंच काम आहे. बाजाराच्या गावाला एक घर बघितलंय. पोरगा तिथं नोकरीला, नातवंडांची शाळा तिथंच. एक लाख विसार दिलाय. आता कागद कुणाकडनं करून घ्यावा?"

मी विचारले, "विसार कुणाच्या भरवशावर दिलात?"

"एजंटाच्या."

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"विकणाऱ्याच्याच. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा दाखवला की त्यानं."

"आणि वकील?"

"तो एजंटच देणार आहे. त्याचा नेहमीचा आहे म्हणं. फीसुद्धा त्यानंच बोलून ठेवलीय."

वाचकहो, हाच माणूस बियाण्याच्या पिशवीचे लेबल आणि दुकानदाराची पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो. शंभर दाणे मोजल्याशिवाय पेरणी करत नाही. पण आयुष्यभर साठवलेला पैसा ज्या घरात घालायचा, त्याची पारख त्याने विकणाऱ्याच्या माणसावर सोपवली होती. मला हसू आले नाही. कारण कृषी पदवीधर असून आणि सरकारी नोकरीत असून मी स्वतः हेच केले होते.

२००९ साली आम्ही तालुक्याच्या गावी तीन खोल्यांचे आणि थोड्या परसाचे एक जुने घर घेतले. साडेसहा लाखांचा सौदा. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मंडळींचे थोडे दागिने आणि भावाकडून उसने. बँकेचे कर्ज नको म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूश होतो. एजंटाने वकील आणला, वकिलाच्या कारकुनाने एका दिवसात खरेदीखत तयार केले, आम्ही कचेरीत जाऊन फोटो काढले, अंगठे दिले, पेढे वाटले. वकिलांशी माझे बोलणे झाले असेल ते दहा मिनिटे.

दोन वर्षांनी दिवाळीत एक बाई दारात आल्या. विकणाऱ्याची थोरली बहीण. सासर दुसऱ्या जिल्ह्यात. भाऊबीजेला माहेरी म्हणून आल्या, तर दारावर माझ्या नावाची पाटी. भावाने घर विकल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. महिन्याभराने त्यांच्या वकिलाची नोटीस आली. घर त्यांच्या वडिलांचे. आईवडील दोघेही मृत्युपत्र न करता वारलेले. वारस दोघे, मुलगा आणि मुलगी. मुलाने ग्रामपंचायतीत अर्ज करून एकट्याचे नाव लावून घेतले आणि घर मला विकले. सामाईक मिळकतीत एका वारसाने सगळे घर विकले तरी घेणाऱ्याकडे येतो तो त्याच्यापुरता हिस्सा. म्हणजे साडेसहा लाख मोजून मी निम्म्या घराचा मालक झालो होतो.

कागद करून देणाऱ्या वकिलांकडे धावलो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही दस्त लिहायला सांगितला, मी लिहिला. हक्काचा शोध घ्यायला सांगितलं होतंत का?" खरे होते. मी सांगितले नव्हते. असे काही सांगायचे असते, हेच मला माहीत नव्हते.

शेवटी मी माझा स्वतःचा वकील पाहिला. दिवाणी कामे करणारे जुने गृहस्थ. त्यांच्या सल्ल्याने आम्ही दोघे नवरा-बायको त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला आणि म्हणाल्या, "घर तुमच्याकडंच राहू द्या. तुमची चूक नाही. पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं वाईट वाटतं." हिशेबाने त्यांचा हिस्सा सव्वातीन लाखांचा. त्यांनी एक लाख दहा हजारांवर मिटवले आणि आपल्या हिश्शाचे वेगळे खरेदीखत करून दिले. त्या दस्ताचा खर्च निराळा. विकणाऱ्या भावाने हात वर केले. त्या बाई भल्या होत्या म्हणून निभावले. त्यांच्या जागी दुसरे कुणी असते तर मी आजही कोर्टाच्या तारखा मोजत असतो.

वकील कुणाचा?

किडीचे औषध विकणाराच कीड ओळखायला बसला की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पानावर डाग दिसला की तीन बाटल्या. दुकानदार वाईट असतो असे नाही. पण त्याचे पोट बाटली विकण्यावर आहे. एजंटाचे पोट सौदा पुरा होण्यावर आहे. त्याने आणलेल्या वकिलाला पुढच्या महिन्यात त्याच्याकडूनच काम मिळायचे असते. असा वकील "थांबा, इथे अडचण दिसते" असे किती वेळा म्हणेल?

वकिलांनी दलालांमार्फत कामे मिळवू नयेत, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात. तसेच, वादाच्या प्रकरणात ज्याने एका पक्षाला सल्ला दिला, त्याने पुढे विरुद्ध पक्षाचे काम घेऊ नये, असाही नियम आहे. आता विकणारा आणि घेणारा या दोघांचा मिळून एकच वकील असला, आणि उद्या तंटा झाला, तर तो कुणाच्या बाजूने उभा राहणार? "दोघांचा एकच, खर्च वाचतो" हे ऐकायला गोड लागते. वाचतात ते थोडे पैसे, आणि जोखीम राहते अख्ख्या घराची.

बँकेचे कर्ज घेणाऱ्यांची आणखी एक समजूत असते. बँकेच्या वकिलाने कागद तपासले, मग आपल्याला काय काळजी? तो अहवाल बँकेसाठी असतो, बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून. त्याची प्रत मागून जरूर वाचा, उपयोग होतो. पण तो तुमचा वकील नव्हे.

कचेरीबाहेर बसणारे बाँड रायटर, दस्तलेखक यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांतल्या काहींना नव्या वकिलांपेक्षा जास्त दस्तांचा अनुभव असतो. पण त्यांचे काम सांगितलेले लिहून देण्याचे. आणि रजिस्टर कचेरी म्हणजे दुय्यम निबंधक, ते दस्त नोंदवतात. विकणारा खरा मालक आहे अशी हमी सरकार त्या शिक्क्याने देत नाही. शिक्का पडला म्हणजे मालकी शुद्ध झाली, हा गैरसमज मी चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांतून पाहिला आहे.

मुंबईत सॉलिसिटर म्हणून या कामाची वेगळी परंपरा आहे, मोठ्या पेढ्या आहेत. आपल्या तालुक्याला तसे काही नसते. तालुका न्यायालयात दिवाणी बाजू सांभाळणारा आणि जमीन-जुमल्याचे कागद रोज हाताळणारा वकील हाच आपला सॉलिसिटर. खुनाचा खटला जिंकून दिला म्हणून ज्याचे नाव गाजते, तो घराच्या कागदात हुशार असेलच असे नाही. उसावरचा जाणकार डाळिंबावर तेवढाच जाणकार नसतो, तसेच हे.

शोध म्हणजे काय?

चांगला वकील पहिल्या भेटीत फी सांगत नाही, कागद मागतो. शेतजमीन किंवा बिनशेती प्लॉट असेल तर सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार. गावठाणातले घर असेल तर मिळकत पत्रिका. इथे एक घोटाळा नेहमी होतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, म्हणून लोक ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यालाच मालकीचा कागद मानतात. तो घरपट्टी कुणाकडून वसूल करायची त्याची नोंद आहे. भोगवट्याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो, पण मालकी त्यातून सिद्ध होत नाही. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरोघर मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. तुमच्या गावी ती तयार झाली असेल तर तिच्यावर कुणाकुणाची नावे आली आहेत आणि कुणाची राहिली आहेत, हे वकिलाला पाहू द्या.

सातबाराच्या बाबतीतही तेच. जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे सातबारावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात. खोटी ठरेपर्यंत, हे शब्द विसरू नका. फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी जन्माला येत नाही. ती खरेदीखत, वाटपपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून येते. वकिलाने या साखळीची एक-एक कडी मागे मागे जाऊन पाहायची असते. आज विकणाऱ्याकडे कुणाकडून आले, त्याच्याकडे कुणाकडून आले. साधारण तीस वर्षे मागे जाण्याची पद्धत आहे. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत शोध फी भरून सूचीची पुस्तके पाहावी लागतात. अलीकडच्या दस्तांचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्याही घेता येतो. पण जुन्या वर्षांसाठी आणि नावांच्या स्पेलिंगच्या गोंधळासाठी कचेरीची पायरी चढावीच लागते. शोध फीची पावती अहवालाला जोडलेली आहे का, हे मी आता नेहमी पाहतो. पावती नसेल, तर शोध वकिलाच्या खुर्चीतच झालेला असतो.

पारावर भेटलेल्या त्या शेतकऱ्यांनी माझे ऐकले आणि स्वतःचा वकील केला. शोधात काय निघावे? विकणाऱ्याने ते घर एका पतसंस्थेला नोंदणीकृत गहाणखत करून दिले होते, २०१७ साली. आठ नंबरच्या उताऱ्यावर त्याची रेघही नव्हती. विकणारा म्हणाला, "फेडणारच होतो." असेलही. वकिलांनी सुचवले ते असे : उरलेल्या रकमेतून पतसंस्थेचे देणे थेट पतसंस्थेच्या खात्यावर जमा करायचे, बोजा कमी झाल्याचा कागद नोंदवून घ्यायचा आणि मगच खरेदीखत. सहा आठवडे गेले, घर मिळाले. विसार मात्र तेवढे दिवस जिवाला घोर लावून राहिला.

शेतकऱ्याच्या मिळकतीत अशा अडचणी पिकातल्या तणासारख्या असतात. विकास सोसायटीच्या कर्जाचा इकरार असतो. असा बोजा असताना जमीन विकता येत नाही, सहकार कायदा, १९६० तसा व्यवहार मानत नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग-२ असे लिहिलेले असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर चालत नाही. कुळकायद्याने मिळालेली, वतन-इनामाची, देवस्थानची, पुनर्वसनात मिळालेली जमीन, प्रत्येकीचे नियम वेगळे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेताच येत नाही. शेतजमिनीतल्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची सावली असते. या कायद्यातल्या सवलती आणि प्रमाणक्षेत्रे गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलली आहेत. "आमच्या मामानं तीन वर्षांपूर्वी घेतला, काही झालं नाही" यावर जाऊ नका. आजच्या तारखेला काय चालते, ते वकिलाकडून तारीख घालून लेखी घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वारसांचा. वकिलाने विकणाऱ्याच्या घराची वंशावळ मागितलीच पाहिजे. बहिणी किती, मयत भावाची बायको-मुले कोण, कुणी अज्ञान आहे का. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासूनच मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मागे मुलगी वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला मुलासारखाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मुसलमान कुटुंबांत वाटणी वेगळ्या कायद्याने होते, पण मुलगी तिथेही वारस आहेच. ज्या वकिलाने बहिणींचा प्रश्न विचारला नाही, त्याच्याकडून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी एक लाख दहा हजार मोजून शिकलो आहे.

शोधाबरोबर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगा. अमुक मिळकत आमचे अशील घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावे. विकणाऱ्याच्या नातेवाइकांच्या गावात जो पेपर वाचला जातो, त्यात ती द्या. खर्च वाचवायला कुणी न वाचणाऱ्या पेपरात नोटीस देण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्यातून कुणाचेच भले होत नाही. चतुःसीमेबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेखाची मोजणी आधी, खरेदी मागाहून.

फी आणि बोलणे

"शोध घेऊन लेखी मत किती दिवसांत द्याल, आणि ते काम तुम्ही स्वतः पाहणार की कारकून?" हा एक प्रश्न विचारला की वकिलाची निम्मी पारख होते. शोधाच्या अहवालावर वकिलाचे नाव, सही आणि सनद क्रमांक असावा. बार कौन्सिलची सनद असल्याशिवाय कुणाला वकिली करता येत नाही. "क्लिअर आहे हो, मी बघितलंय" हे तोंडी मत उद्या कोर्टात चालत नाही, आणि तुमच्या नातवालाही वाचता येत नाही. अहवालातली भाषा कळली नाही तर समजावून घ्या. समजावताना जो चिडतो, तो पुढे अडचणीच्या वेळी फोन उचलणार नाही.

फी तालुक्यागणिक वेगळी, कामागणिक वेगळी. दोघा-तिघांना विचारा आणि काय-काय त्यात धरले आहे, ते कागदावर घ्या. शोध, जाहीर नोटीस, मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजर राहणे, आणि नंतर फेरफार किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागेपर्यंतचा पाठपुरावा. बहुतेक भांडणे या शेवटच्या बाबीवर होतात. वकिलाची फी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या तीन रकमा वेगळ्या ठेवा. "सगळं मिळून एवढे द्या, मी बघतो" म्हणणाऱ्याला एकत्र रोख देऊ नका. शुल्क सरकारी चलनाने भरता येते, चलनावर तुमचे नाव असते. ते शुल्क बाजारमूल्याच्या सरकारी तक्त्यातला दर आणि दस्तातली किंमत यांत जे जास्त त्यावर लागते. म्हणून किंमत कमी दाखवून फार काही वाचत नाही, उलट उद्या तुमचाच पैसा कागदावर दिसत नाही. राहते घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. ती तुमच्या खरेदीला लागू होते का, हे वकिलाला विचारायला हरकत नाही. आमच्या पिढीला हे सुचत नाही.

ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत सल्ला मागता येतो. फार थोडे लोक ती पायरी चढतात.

हे सगळे विसाराआधी व्हायला हवे. पण बाजारात घर हातचे जाईल अशी घाई असते, हे मी समजू शकतो. मग विसार थोडा द्या, बँकेतून द्या आणि विसाराच्या कागदात एक वाक्य घालायला लावा : "मिळकतीचा हक्क निर्वेध असल्याचे लिहून घेणार यांच्या वकिलाचे लेखी मत मिळाल्यावरच खरेदीखत करावयाचे असून, तसे मत न मिळाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम लिहून देणार यांनी पंधरा दिवसांत परत करावयाची आहे." विकणारा खरा असेल तर या वाक्याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याच्याबद्दल तुम्हाला फुकटात बरेच कळले. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला हेही सांगा, की स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेण्यावर आयकर कायद्याने २०१५ पासून बंधन आहे, आणि दंड घेणाऱ्याच्या मानेवर बसतो.

विकणाऱ्यालाही वकील लागतो

घर विकणाऱ्याला वाटते, आपल्याला पैसेच घ्यायचे आहेत, वकील कशाला? मी पाहिलेल्या फसवणुकींपैकी काही विकणाऱ्यांच्याच आहेत. "कचेरीत सारख्या फेऱ्या नकोत" म्हणून एजंटाच्या नावे कुलमुखत्यारपत्र लिहून दिले, आणि त्याने स्वतःच्या माणसाला पडत्या भावात घर विकले. दस्तात "संपूर्ण मोबदला मिळाला" असे लिहून सही केली, आणि पुढच्या तारखेचा धनादेश परत आला. अशा वेळी पैसे बुडाले म्हणून खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. मालकी गेलेली असते आणि हातात उरतो तो पैशाचा दावा. तुमचा वकील असता तर तो एवढेच म्हणाला असता, की रक्कम खात्यावर आलेली पासबुकात दिसू द्या, मग अंगठा. आणि मूळ कागद पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.

माझ्यावरही विकण्याची वेळ आली, तीन वर्षांपूर्वी. गावचे वडिलांचे जुने घर. आम्ही दोघे भाऊ दोन्हीकडे नोकरीच्या गावी, घराच्या भिंती पावसागणिक खचत चाललेल्या. गिऱ्हाईक गावातलेच, ओळखीचे. मी माझ्या त्याच जुन्या वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद न उघडताच विचारले, "बहिणी किती?"

आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. बहिणी दोन. वडील वारल्यावर मिळकत पत्रिकेवर नावे लागली ती आमची दोघांचीच. कुणी मुद्दाम केले नव्हते. त्या वेळी विचारायचे सुचलेच नव्हते. त्या भाऊबीजेला माझ्या दारात उभ्या राहिलेल्या बाईंचा चेहरा मला लख्ख आठवला. त्यांच्या भावाला मी बारा वर्षे नावे ठेवत होतो.

वकिलांनी वारसनोंद दुरुस्त करायला लावली. दोघींची नावे लागायला चार महिने गेले. गिऱ्हाईक तेवढे थांबले, हा त्याचा चांगुलपणा. खरेदीखतात लिहून देणार म्हणून आमची चौघांची नावे आली आणि रक्कम चार खात्यांवर सारखी जमा झाली. धाकटी म्हणाली, मला नको, तुम्हीच ठेवा. वकिलांनी तिला सांगितले, "बाई, आधी तुमच्या खात्यावर येऊ द्या. मग कुणाला द्यायचे ते तुम्ही ठरवा." थोरली आक्का सहीला यायला लगेच तयार झाली. फक्त म्हणाली, "त्याच्या आधी एकदा घर बघून येऊ दे."

नोंदणीच्या आदल्या दिवशी आम्ही चौघे गावी गेलो. आक्का सगळ्या खोल्यांतून हिंडली, परसात गेली आणि तिथे पडलेले आईचे जाते तिने मागितले. आम्ही दोघा भावांनी ते उचलून तिच्या गाडीत ठेवले.